गुरूचा सहावा चंद्र आपल्या संगणकात

मुलुंड किंवा बोरिवलीच्या गच्चीवरून आकाशातल्या बहुतेक गोष्टी आता दिसेनाशा झाल्या आहेत, पण गुरू अजून दिसतो. इमारतींचे दिवे, धूळ, खाडीवरून येणारी दमट हवा या सगळ्यांतून तो चमकतो. हाताशी साधी द्विनेत्री असेल तर गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले त्याचे चार चंद्रही एका रेषेत मांडलेले दिसतात. त्यापुढचे काही दिसत नाही. गुरूचा सहावा चंद्र हिमालिया सर्वांत तेजस्वी असतो तेव्हाही सुमारे १४.६ प्रतीचा असतो. अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षा तो पावणेतीन हजारपट मंद आहे. खगोल मंडळाच्या कार्यक्रमाला वांगणीला जाऊन रात्र जागवली तरी तो छोट्या दुर्बिणीच्या हाती लागायचा नाही. पवईच्या आयआयटीची भारतीय ताराभौतिकी संस्थेबरोबर उभारलेली ७० सेंटिमीटरची दुर्बीण लडाखमध्ये हानले येथे आहे. तिच्या आवाक्यात तो सहज येईल, पण ती आपल्या गच्चीवर नाही.

संगणकावर मात्र या चंद्राभोवती यान फिरवता येते. त्यासाठी अंतराळ-उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये तो आधी बसवावा लागतो. काम दहा-पंधरा ओळींच्या एका साध्या मजकूर फाइलचे आहे आणि प्रोग्रामिंग येत नसले तरी जमते. फक्त त्या प्रत्येक ओळीतला आकडा कुठून आला आणि कशाच्या संदर्भात मोजला, हे कळल्याशिवाय ती ओळ लिहू नये. या लेखातला बराचसा भाग त्यासाठीच खर्च केला आहे.

कोणता सिम्युलेटर

इथे ऑर्बिटर हा सिम्युलेटर धरला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मार्टिन श्वायगर यांनी तो लिहिला आणि २००० साली पहिल्यांदा लोकांना दिला. पहिल्यापासून तो फुकट आहे आणि २०२१ पासून त्याचा मूळ कोडही खुला आहे. त्यात शत्रू, गुण, पातळ्या असे काही नाही. आहे ते न्यूटनचे गुरुत्वाकर्षण, इंधन आणि घड्याळ. म्हणून पहिल्या दिवशी तो कंटाळवाणा वाटतो आणि नंतर सुटत नाही.

ऑर्बिटरची सूर्यमाला म्हणजे ‘कॉन्फिग’ नावाच्या फोल्डरमधल्या फाइली. एका फाइलीत कोणता ग्रह कोणाभोवती फिरतो याची यादी असते आणि प्रत्येक ग्रहाची व चंद्राची वेगळी फाइल असते. नवा चंद्र घालायचा म्हणजे यादीत एक ओळ वाढवायची आणि त्या चंद्राची फाइल लिहायची.

हिमालियाच का

शनीच्या १२८ नव्या चंद्रांना मार्च २०२५ मध्ये एकदम मान्यता मिळाली आणि त्याच्या चंद्रांची संख्या २७४ झाली. त्यातला एखादा घ्यावासा वाटणे साहजिक आहे. पण ते बहुतेक काही किलोमीटरचे दगड आहेत. त्यांची कक्षा माहीत आहे, वस्तुमान नाही, आकार नाही, स्वतःभोवती फिरण्याचा काळ नाही. फाइलीतल्या निम्म्या ओळी आपल्याच मनाने भराव्या लागतील. असे चंद्र हरवतातही. थेमिस्टो हा गुरूचा चंद्र १९७५ मध्ये दिसला, मग हरवला आणि थेट २००० साली पुन्हा सापडला. २००० मध्ये दिसलेला दिया पुन्हा हाती लागायला दशक उलटले.

यादीत नाव घालण्याच्या घाईचे एक भारतीय उदाहरणही आहे. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी त्या ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावल्याची नोंद केली आणि हा युरेनसचा नवा उपग्रह असावा असा अर्थ सुरुवातीला लावला. त्याच रात्री विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून जेम्स इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रहाच्या दोन्ही बाजूंना असे मंदावणे टिपले होते. ती कडी निघाली. कावलूरचे निरीक्षण अचूकच होते, अर्थ तेवढा बदलला.

हिमालियाच्या बाबतीत अशी शंका नाही. चार्ल्स पेरीन यांनी ३ डिसेंबर १९०४ रोजी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत, ३६ इंची क्रॉसली दुर्बिणीने तो शोधला. महिनाभरातच, जानेवारी १९०५ मध्ये, त्यांनाच सातवा चंद्र इलारा मिळाला. कितीतरी वर्षे या दोघांना नुसते क्रमांक होते, नावे १९७५ मध्ये ठरली. शंभराहून अधिक वर्षांची निरीक्षणे असल्याने हिमालियाची कक्षा पक्की माहीत आहे. गुरूच्या बाहेरच्या चंद्रांत तो सर्वांत मोठा आहे आणि लिसिथिया, लीडा, इलारा, दिया यांच्या कक्षा त्याच्या कक्षेसारख्याच आहेत. एखादा लघुग्रह गुरूने पकडला, तो फुटला आणि त्याचे हे तुकडे, असा तर्क आहे. नवशिक्याला हाताळायला सोपा आणि तरी विचार करायला लावणारा, म्हणून हिमालिया.

आकडे कुठून घ्यायचे

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ‘होरायझन्स’ ही सेवा ग्रह, उपग्रह, लघुग्रह यांची स्थिती कोणत्याही तारखेसाठी मोफत देते. तिथे हिमालियाचा क्रमांक ५०६ आणि गुरूचा ५९९. केंद्र म्हणून गुरू निवडायचा, ‘कक्षेचे घटक’ मागायचे आणि तारीख द्यायची. तारीख आपण यान ज्या काळात उडवणार त्याच्या जवळची असू द्या. का, ते पुढे येईल.

विकिपीडियाच्या चौकटीतले आकडे उचलू नका असा माझा आग्रह आहे. ते चुकीचे असतात असे नाही. एका चौकटीत एका तारखेची कक्षा, दुसऱ्या अभ्यासातला आकार आणि तिसऱ्यातले वस्तुमान शेजारी शेजारी बसलेले असते, आणि ते कोणत्या पातळीवरून मोजले ते तळटिपेत दडलेले असते.

कक्षेचे सहा आकडे

कोणतीही लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिच्यावरची जागा सांगायला सहा आकडे लागतात. दोन कक्षेचा आकार सांगतात, तीन ती अवकाशात कशी वळवून ठेवली आहे ते सांगतात आणि एक चंद्र सध्या कुठे आहे ते सांगतो.

पहिला, कक्षेच्या लांबट व्यासाचा निम्मा भाग. हिमालियासाठी तो सुमारे १ कोटी १४ लाख ६० हजार किलोमीटर आहे, म्हणजे गॅलिलिओच्या चारांतला सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो गुरूपासून जितका दूर आहे त्याच्या सहापट. दुसरा, उत्केंद्रता, म्हणजे वर्तुळ किती चेपले आहे. ती सुमारे ०.१६ आहे. त्यामुळे हिमालिया गुरूपासून कधी ९६ लाख तर कधी १ कोटी ३३ लाख किलोमीटरवर असतो.

तिसरा आकडा कक्षेचा कल, सुमारे २८ अंश. चौथा आरोही पात, म्हणजे चंद्र ज्या दिशेला संदर्भाची पातळी ओलांडून वर येतो ती दिशा. पंचांगातला राहू म्हणजे आपल्या चंद्राच्या कक्षेचा आरोही पातच, तेव्हा मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. पाचवा आकडा गुरूच्या सर्वांत जवळचा बिंदू कोणत्या दिशेला आहे ते सांगतो. सहावा, ठरलेल्या क्षणी चंद्र त्या बिंदूपासून किती पुढे गेला आहे ते.

इथे पहिला खड्डा आहे. होरायझन्स पाचवा कोन पातापासून मोजून देते आणि सहावा निकटबिंदूपासून. ऑर्बिटरला दोन्ही ‘रेखांश’ या रूपात हवे असतात. म्हणून पाताचा कोन आणि निकटबिंदूचा कोन यांची बेरीज पाचव्या ओळीत लिहायची. त्या बेरजेत सहावा कोन मिळवून येईल तो सहाव्या ओळीत. बेरीज ३६० च्या पुढे गेली तर ३६० वजा करा. हे न करता आकडे तसेच उतरवले तर चंद्र दिसतो, फिरतोही, पण कक्षेच्या भलत्याच कोपऱ्यात. पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते.

दुसरा खड्डा एककांचा. होरायझन्स किलोमीटर आणि अंश देते, ऑर्बिटरला मीटर आणि रेडियन लागतात. अंतर १,१४६ कोटी मीटर होते आणि २८ अंशांचे ०.४८९ रेडियन. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ साली मंगळाजवळ नष्ट झाले, कारण एका गटाचे आकडे पौंडांत होते आणि दुसऱ्याने ते न्यूटन समजून वापरले. आपल्या संगणकावर नुकसान एवढे होत नाही, पण कारण तेच असते.

कल कशापासून मोजायचा

नवशिक्यांना सर्वांत जास्त फसवणारी ओळ हीच. नुसते ‘कल २८ अंश’ म्हणून काही सांगितले जात नाही. कोणत्या पातळीपासून २८ अंश, हे लागते. पर्याय तीन आहेत: पृथ्वीच्या कक्षेची पातळी म्हणजे आयनिक वृत्त, पृथ्वीचे विषुववृत्त किंवा गुरूचे विषुववृत्त. ऑर्बिटरच्या फाइलीत आयनिक वृत्त आणि मूळ ग्रहाचे विषुववृत्त यांपैकी काय ते लिहावे लागते.

आयो किंवा कॅलिस्टोसारखे जवळचे चंद्र ग्रहाच्या विषुववृत्ताला धरून असतात, म्हणून त्यांचे आकडे बहुधा विषुववृत्ताच्या संदर्भात मिळतात. हिमालियासारख्या दूरच्या चंद्रांना गुरूचा फुगलेला मध्य फारसा जाणवत नाही, सूर्य जाणवतो. म्हणून त्यांचे आकडे आयनिक वृत्ताच्या संदर्भात देतात आणि आपणही तेच निवडायचे.

गुरूच्या बाबतीत ही ओळ चुकली तरी फारसे कळत नाही, कारण त्याचा अक्ष स्वतःच्या कक्षेशी फक्त ३ अंशांनी कललेला आहे. पण हीच सवय घेऊन शनीकडे गेलात तर २७ अंशांचा घोटाळा होतो. युरेनस तर ९८ अंशांनी आडवा पडलेला आहे, तिथे चंद्र चक्क उभ्याचा आडवा होतो. गुरूने दिलेली ही सूट अंगवळणी पडू देऊ नये.

वस्तुमान आणि आकार, दोन्ही एकाच घरातले

हिमालियाचे वस्तुमान कसे कळले ही गोष्ट मला कक्षेइतकीच आवडते. त्याला स्वतःचा उपग्रह नाही, त्याच्या अगदी जवळून एकही यान गेलेले नाही. मग वजन कसे करायचे? १९४९ साली इलारा हिमालियाच्या सुमारे ६५ हजार किलोमीटर जवळून गेला. त्या भेटीत हिमालियाने त्याला किंचित ओढले आणि इलाराची वाट कायमची थोडी बदलली. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय येमेल्यानोव्ह यांनी त्याआधीची आणि नंतरची निरीक्षणे तपासून २००५ मध्ये वस्तुमान काढले: ४२ वर १७ शून्ये, इतके किलोग्रॅम.

आकाराबद्दल मात्र एकमत नाही. जमिनीवरच्या निरीक्षणांतून त्रिज्या सुमारे ८५ किलोमीटर निघत होती. अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीच्या मोजणीतून ती ७० किलोमीटरच्या आसपास आली. पुढे हिमालियाने ताऱ्यांना झाकल्याच्या म्हणजे पिधानाच्या नोंदींवरून तो सुमारे २०५ गुणिले १४१ किलोमीटरचा लांबट दगड असावा असे दिसले.

फाइलीत त्रिज्येचा आकडा एकच मावतो. सरासरी काढावी असा मोह होतो, तो टाळा. त्याऐवजी घनता तपासा. वरचे वस्तुमान ७० किलोमीटरच्या गोळ्यात कोंबले तर घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट येते. काळसर, कार्बनयुक्त लघुग्रहासारख्या दिसणाऱ्या दगडाला ती जास्त वाटते. ८५ किलोमीटर घेतले तर ती १.६ च्या जवळ येते आणि शनीच्या फीबी या पकडलेल्या चंद्राची, जिची मापे कॅसिनी यानाने २००४ मध्ये जवळून घेतली, घनताही तितकीच आहे. म्हणजे येमेल्यानोव्ह यांचे वस्तुमान ८५ शीच नीट जुळते. म्हणून मी ८५ लिहीन. उद्या जवळचे छायाचित्र आले आणि ७० ठरले, तर वस्तुमानही नव्याने पाहावे लागेल. आज मात्र एका अभ्यासाचे वस्तुमान आणि दुसऱ्याची त्रिज्या यांचे लग्न लावू नये.

सत्तर-ऐंशी, शे-दीडशे किलोमीटर हे आकडे कागदावर निर्जीव वाटतात. सीएसएमटीहून पुण्याची गाडी पकडलीत तर लोहमार्गाने १९२ किलोमीटर जावे लागते. हिमालियाचा १७० किलोमीटरचा व्यास संपेल तेव्हा लोणावळा मागे पडलेले असेल आणि पुणे स्टेशन यायचे असेल.

स्वतःभोवतीचे फिरणे आणि रंग

आपला चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो, हिमालिया गुरूला तशी दाखवत नाही. इतक्या दूर गुरूचे भरतीबल त्याला जखडू शकलेले नाही. तो ७.७८ तासांत स्वतःभोवती एक फेरी घेतो. फाइलीत हा काळ सेकंदांत लिहायचा, सुमारे २८,०००. जुनी फाइल नक्कल करून वापरलीत तर ही ओळ हटकून राहून जाते आणि हिमालिया कॅलिस्टोच्या वेगाने फिरू लागतो.

रंगासाठी फार शोध नको. तो राखाडी आहे आणि पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम सहा टक्के परत पाठवतो. रंगाच्या तीनही संख्या जवळजवळ सारख्या आणि बऱ्याच खाली ठेवा. सिम्युलेटरमधले चंद्र लोक नेहमी गरजेपेक्षा उजळ करतात, कारण काळा चंद्र पडद्यावर छान दिसत नाही. नाही दिसत तर नाही.

फाइल लिहिताना

कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका. एखाद्या छोट्या चंद्राची तयार फाइल उघडा, तिची नक्कल हिमालियाच्या नावाने जतन करा आणि एकेक आकडा बदला. नाव, आकडे कोणत्या काळचे, संदर्भाची पातळी, कक्षेचे सहा आकडे, वस्तुमान, त्रिज्या, परिवलनाचा काळ, रंग, साधारण हा क्रम असतो. कॅलिस्टोसारख्या चंद्राची फाइल घेतलीत तर तिच्यात ‘मोड्यूल’ नावाची ओळ असते. त्या चंद्रांची जागा वेगळा प्रोग्राम काढतो, ती ओळ हे सांगते. हिमालियासाठी ती ओळ काढून टाका.

मग ‘सोल’ नावाच्या, म्हणजे सूर्यमालेच्या फाइलीत, गुरूच्या चार चंद्रांखाली पाचव्या क्रमांकावर हिमालियाची ओळ घाला. मजकूर अर्थातच रोमन लिपीत. नावाचे स्पेलिंग दोन्ही फाइलींत अक्षरशः एकच हवे. बदल करण्याआधी मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवा, कारण या फाइलीत गडबड झाली तर सिम्युलेटर सुरूच होत नाही.

ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकला की ती ओळ ऑर्बिटर वाचत नाही. ती तुमच्या टिपांची जागा. प्रत्येक आकड्यावर अशी एक ओळ लिहा: कुठून घेतला, कोणत्या तारखेचा, मोजलेला की धरलेला.

बरोबर बसला का, ते तपासणे

पहिली तपासणी वही-पेनाची. केप्लरचा तिसरा नियम कक्षेचा आकार आणि फेरीचा काळ यांना बांधून ठेवतो. वरचे अंतर आणि गुरूचे वस्तुमान घातले की काळ २५०.७ दिवस येतो. निरीक्षणातला काळही सुमारे २५० दिवसच आहे. इथे २५ किंवा ८,००० दिवस आले तर एककात चूक आहे.

दुसरी तपासणी पडद्यावर. ऑर्बिटरमध्ये काळाचा वेग लाखपट वाढवता येतो. त्या वेगाने हिमालियाची एक फेरी साडेतीन मिनिटांहून थोडी अधिक घेते. तेवढा वेळ गुरूच्या वरून बघत राहा. हिमालिया कॅलिस्टोच्याच दिशेने फिरायला हवा, आणि गुरूजवळ येताना त्याचा वेग वाढायला हवा.

तिसरी मला सर्वांत समाधान देते. कॅमेरा हिमालियाच्या पृष्ठभागावर ठेवा आणि गुरूकडे वळवा. गुरूची तबकडी सुमारे ०.७ अंशांची, म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या दीडपटीपेक्षा किंचित लहान दिसली पाहिजे. चित्रपटांत गुरूच्या चंद्रावरून अर्धे आकाश व्यापणारा गुरू दाखवतात, तो आयोसारख्या जवळच्या चंद्रावरून थोडाफार शोभतो. हिमालियावरून गुरू बराच लहान दिसतो.

चौथी, होरायझन्सकडून वेगळ्या दोन-तीन तारखांची स्थिती मागवून सिम्युलेटरशी जुळवणे. इथे थोडी निराशा ठरलेली आहे.

सूर्याची लुडबूड

मोड्यूल नसेल तर ऑर्बिटर चंद्राला दिलेल्या लंबवर्तुळावर जन्मभर फिरवत ठेवतो. खरा हिमालिया तसा फिरत नाही. सूर्य त्याला सतत थोडे ओढतो, त्यामुळे लंबवर्तुळ हळूहळू वळते, चेपते, पुन्हा फुगते. हा परिणाम किती, याचे चटकन मोजमाप आहे: चंद्राचा फेरीकाळ भागिले ग्रहाचे वर्ष, आणि त्या उत्तराचा वर्ग. पृथ्वीच्या चंद्रासाठी तो ०.००५६ येतो, हिमालियासाठी ०.००३३. म्हणजे सूर्य आपल्या चंद्राला जितका छळतो, साधारण त्याच मापात हिमालियालाही. आपल्या चंद्राची गती अचूक मांडायला गणितज्ञांना दोन शतके झगडावे लागले होते, हे लक्षात घ्या.

याचा व्यवहारातला अर्थ असा की आकडे घेतलेल्या तारखेपासून दूर गेलात तर हिमालिया त्याच्या खऱ्या जागेपासून अंश-दोन अंश सहज सरकलेला दिसतो. एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. १ कोटी १४ लाख किलोमीटरच्या कक्षेवर त्याचे दोन लाख किलोमीटर होतात. म्हणूनच आकडे उड्डाणाच्या काळाजवळचे घ्यायचे. २००० सालचे आकडे घेऊन आजचे उड्डाण करू नये. आपल्या सिम्युलेटरमधला हिमालिया त्याच्या स्वतःच्या जगात सुसंगत असतो, त्याच्याकडे जाणारे यान पोहोचतेच. पण खऱ्या आकाशात दुर्बीण कुठे रोखायची हे त्याला विचारू नका.

गुरूच्या आणखी बाहेरच्या, उलट फिरणाऱ्या चंद्रांत हा आकडा फारच वाढतो. ग्रीनिचला फिलिबर्ट मेलॉट यांनी १९०८ मध्ये शोधलेल्या पासिफेला एका फेरीला दोन वर्षे लागतात. तिथे तो ०.०३ च्या घरात जातो, हिमालियाच्या जवळजवळ नऊपट.

उतरायला गेलात तर

चंद्रावर उतरण्याचा सराव असेल तर इथे तो सगळा विसरावा लागतो. हिमालियाच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अडीचशेव्या भागाइतके आहे. त्यावरून कायमचे निसटायला सेकंदाला ८१ मीटर, म्हणजे ताशी २९० किलोमीटर वेग पुरतो. उलट तो स्वतः गुरूभोवती सेकंदाला ३.३ किलोमीटर वेगाने धावत असतो. त्यामुळे पोहोचण्यातले जवळजवळ सगळे इंधन त्याच्याशी वेग जुळवण्यात जाते. त्याचे गुरुत्वाकर्षण काही हातभार लावेल या आशेवर राहू नका. सुमारे ८,७०० किलोमीटरच्या पलीकडे तर गुरूच यानाला ओढून नेतो.

वीस किलोमीटर उंचीवरून त्याची प्रदक्षिणा करायची तर वेग सेकंदाला ५२ मीटरच लागतो आणि एका फेरीला साडेतीन तास जातात. मुख्य इंजिनाचा एक हलका झटकाही यानाला कक्षेबाहेर फेकतो. फक्त बाजूचे छोटे थ्रस्टर वापरा आणि अवकाशस्थानकाला जोडण्याच्या बेताने, सावकाश या. शेवटची गंमत म्हणजे जमीनही स्थिर नाही. विषुववृत्तावर ती सेकंदाला १९ मीटर वेगाने सरकत असते, तेवढा आडवा वेग जुळवूनच पाय टेकवावे लागतात.

पृष्ठभागाचे चित्र

कॅसिनी यान शनीकडे जाताना डिसेंबर २००० मध्ये हिमालियापासून सुमारे ४४ लाख किलोमीटरवर होते. त्या चित्रात तो काही ठिपक्यांएवढाच आला. त्याचा नकाशा नाही, खड्ड्यांची नावे नाहीत. तरीही लोक दुसऱ्या एखाद्या चंद्राचा पृष्ठभाग राखाडी करून इथे चिकटवतात. तो पडद्यावर खराच वाटतो आणि पाहणारा तोच खरा समजतो.

माझ्या मते हिमालिया साधा, चित्रविरहित राखाडी गोळा म्हणूनच ठेवावा. अगदीच कंटाळवाणा वाटला तर काल्पनिक चित्र लावा, पण फाइलीत आणि बरोबरच्या टिपेत ‘पृष्ठभाग काल्पनिक’ असे स्पष्ट लिहा. ज्यांना खरे चित्र हवे त्यांनी शनीच्या फीबीकडे जावे. कॅसिनी ११ जून २००४ रोजी तिच्या २,०६८ किलोमीटर जवळून गेले होते आणि तिचा चांगला नकाशा झाला आहे. फीबी शनीभोवती उलट दिशेने फिरते, म्हणून तिच्या फाइलीत कल १७५ अंशांच्या आसपास येतो. उलट फिरणे दाखवायला ऋण चिन्ह लागत नाही, ९० च्या वरचा कल पुरतो.

शाळेत किंवा महाविद्यालयात

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलविज्ञान ऑलिंपियाड मुंबईत भरवले. परीक्षेत केप्लरचा नियम एका प्रश्नापुरता येतो. इथे तो रेडियन, मीटर आणि संदर्भाच्या पातळीसकट येतो आणि चुकला तर चंद्र भलतीकडे जातो. विज्ञान मंडळाच्या शिक्षकांनी एक शनिवार यासाठी द्यावा. वर्गात एकच संगणक असला तरी चालेल, कारण निम्मे काम फळ्यावरचे आहे. दोन गटांना वेगवेगळ्या तारखांचे आकडे द्या आणि दोघांचे हिमालिया एकाच दिवशी कुठे दिसतात ते जुळवायला सांगा.

हिमालिया नीट बसला की पुढचा इलारा घ्या. त्याची कक्षा जवळजवळ तशीच आहे, फेरी सुमारे २६० दिवसांची, आणि फाइलीत थोडेच आकडे बदलावे लागतील. पासिफेला मात्र मोड्यूल लिहिता येईपर्यंत हात लावू नका.